वंदनाच्या गाडीला रामाकोन्यात पाणी

"सर, काटा मरून राहिला," वंदना गाडीतून म्हणाली.

मी मोपेडवरून तिच्या शेजारी चाललो होतो. मागच्या सीटवर दिलीप, त्याच्या मांडीवर हत्यारांची पेटी. सौंसरहून रामाकोन्याकडे जाणारा रस्ता हळूहळू वर चढत होता, आणि आमची गाडी हळूहळू थांबायच्या बेतात होती. शेजारून एक बैलगाडी आम्हाला ओलांडून पुढे गेली. गाडीवानानं वळून पाहिलं आणि अत्यंत सभ्यपणे विचारलं, "दोर टाकू का मागं?"

"नाही, नाही," मी म्हणालो. "आमची शर्यत चालू आहे."

तो माणूस पुढे कितीतरी वेळ वळून वळून पाहत होता.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची. दिवाळी होऊन गेली होती, बागांमधून संत्र्याच्या पेट्या भरल्या जात होत्या. मी मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या एका छोट्या तांत्रिक शिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्सचा इन्स्ट्रक्टर होतो. घर पांढुर्ण्याला, नोकरी सौंसरला, आणि उरलेलं आयुष्य बसमध्ये. संस्थेत 'ट्रेड' म्हणजे धंदेशिक्षणाचा एक अभ्यासक्रम. वेल्डर, फिटर, वायरमन हे आमचे जुने ट्रेड. इलेक्ट्रॉनिक्स नवा होता. नवा म्हणजे एक खोली, थोडी मुलं, एक मुलगी आणि मी.

त्या वर्षी वरच्या कार्यालयात कोणाच्या तरी डोक्यात आलं की एवढासा ट्रेड सौंसरला कशाला, छिंदवाड्याला हलवावा. हे डोकं ज्यांच्या खांद्यावर होतं ते साहेब माणूस म्हणून चांगले होते. जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे, कमी बोलणारे. मी त्यांच्यापुढे माझं सगळं नाट्यकौशल्य पणाला लावलं. हात जोडले, आवाज कापरा केला, डोळ्यांत पाणी आणायचाही प्रयत्न केला, ते काही आलं नाही. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आपके बच्चों ने कुछ बनाया है?"

बनवलं होतं. सूर्यावर चालणारी गाडी.

नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजनं स्पर्धा ठेवली होती. पहिला कोण येतो याची नाही, सर्वांत कमी विजेत कोण पोचतो याची. प्रत्येक गाडीत भरलेली, सील केलेली बॅटरी. छतावर सोलर पॅनेल. रस्ता सगळा पूर्ण करायचा आणि शेवटी बॅटरीतून किती वीज खर्च झाली ते मोजायचं. ज्याची सर्वांत कमी गेली तो जिंकला. रस्ता निवडायची पाळी आली तेव्हा मी आमचं घोडं पुढे दामटलं. सौंसरहून लोधीखेड्याला जायचं, परत सौंसरला यायचं, मग रामाकोन्याला जायचं आणि परत. नागपूरकरांना वाटलं, संत्री खायला मिळतील. ते हो म्हणाले.

साहेबांनी हे ऐकून तिथेच अट घातली. "मास्टरजी, गाड़ी अपने दम पर सौंसर लौटी तो ट्रेड यहीं रहेगा. धक्का लगाकर आई, तो छिंदवाड़ा."

मी बदलीचा माणूस. मला छिंदवाडा काय आणि मंडला काय. मुलंही गेली असती, खोली करून राहिली असती. जाऊ शकत नव्हती ती एक वंदना गजभिये. तिचे वडील नगरपालिकेत पाण्याच्या पंपावर होते. आईच्या डोळ्यांची नजर गेलेली. पहाटे घरचा स्वयंपाक, आईची अंघोळ, धुणं आटोपून ही मुलगी वर्गात यायची आणि दुपारी पुन्हा एकदा घरी पळत जाऊन आईला जेवू घालून यायची. वडील मला भेटायला आले होते. "जय भीम सर," म्हणाले, "सौंसरात आहे तोवर पोरगी शिकन. छिंदवाड्याले नाही धाडता येत जी. मायले कोण पाहीन?" यात रागावण्यासारखं काही नव्हतं. माणूस खरं बोलत होता.

तेव्हा ट्रेड गेला की वंदनाचं शिक्षण गेलं, एवढं सरळ गणित होतं. आणि गाडी चालवायला तीच बसली होती, कारण वर्गात सर्वांत हलकी तीच.

आता गाडीबद्दल. नागपूरच्या गाडीला फायबरची बॉडी होती, चंदेरी रंग होता. आमच्या गाडीला सायकलची चाकं होती आणि बॉडी संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्यांची. एका फळीवर 'नाजूक माल' असं छापलेलं होतं, ते आम्ही मुद्दाम वंदनाच्या पाठीमागे लावलं. मोटर म्हणून जुन्या ट्रकचा डायनॅमो. डायनॅमो फिरवला की वीज देतो, त्यालाच वीज दिली की तो फिरतो. चार खांब, त्यावर छत, छतावर दोन सोलर पॅनेल. गावातल्या लोकांनी तिचं नाव ठेवलं, 'चाकाची खाट'. आम्ही पण तेच ठेवलं.

चाचणीत खाट उत्तम धावली होती. भर उन्हात अ‍ॅमीटरचा काटा ऐटीत वर जायचा. अ‍ॅमीटर म्हणजे तारेतून किती करंट वाहतो ते दाखवणारं तबकडीचं यंत्र. हा काटा जेवढा वर, तेवढा सूर्य आपलं काम करतो. काटा खाली, म्हणजे सगळा भार बॅटरीवर. आणि बॅटरी संपली की खाट ही खाटच.

शर्यतीच्या सकाळी काटा खालीच होता. मी मनावर घेतलं नाही. सकाळचं ऊन तिरपं असतं. लोधीखेड्याकडे रस्ता उतरता, गाडी मजेत गेली. परत येताना छिंदवाड्याच्या कॉलेजची गाडी रस्त्याच्या कडेला मोडक्या अ‍ॅक्सलसह बसलेली दिसली. दिलीप मागून म्हणाला, "सर, एक कमी झाला."

"असं बोलू नये बे."

"मनातल्या मनात बोलून राहिलो जी."

पण सौंसर ओलांडून रामाकोन्याच्या रस्त्याला लागलो, ऊन डोक्यावर आलं, आणि काटा जागचा हलेना. आभाळात ढग नाही. झाडाची सावली नाही.

"वंदना, तारा हलवून पाहा," मी म्हणालो. नियमानुसार रस्त्यात गाडीला हात फक्त चालवणाऱ्यानं लावायचा.

तिनं एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं जोडण्या चाचपल्या. "घट्ट आहेत सर."

"मीटरवर टिचकी मार."

"मारली. काही नाही."

"जोरात मार."

"सर, आता मीटर फुटन."

दिलीपनं मागून मत दिलं. "सर, पॅनेलच खराब निघालं असन."

"दोन्ही एकदम?"

"वाईट दिवस असला का होते तसं."

दिलीप धोटे हा हुशार आणि भाविक मुलगा होता. एकाच डोक्यात दोन्ही सुखानं नांदत असत.

आमच्या मागून साहेबांची जीप येत होती. पुढे साहेब, मागे त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे बाईसाहेब म्हणायचो. दोघं पाहत होते. बैलगाडीनं आम्हाला मागे टाकलं ते त्यांनी पाहिलं होतं. मी वळून त्यांच्याकडे असं हसलो, जणू हे सगळं योजनेप्रमाणे चाललंय. साहेब हसले नाहीत. ते एकटक खाटेच्या छताकडे पाहत होते आणि मग खिडकीबाहेर पाहू लागले.

खाट कशीबशी रामाकोन्याला पोचली. इथे थांबा होता. थांब्यावर सगळ्यांना गाडीला हात लावायची परवानगी. बाहेरून वीज घ्यायची नाही आणि कोणी ढकलायचं नाही, एवढंच बंधन. मी मल्टीमीटर काढला. पॅनेल सुटं करून व्होल्ट मोजले. व्होल्ट जवळजवळ पूर्ण. तारा जोडल्या, करंट मोजला. करंट नाही.

ज्यांना हे कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नळाला प्रेशर आहे, पण तोटी उघडली की धार करंगळीएवढी. म्हणजे टाकी भरलेली आहे, पाइपही शाबूत आहे. मधे कुठेतरी बोळा बसलाय.

"बॅटरी किती आहे सर?" वंदनानं विचारलं. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते.

मी मोजली. खोटं बोलावंसं वाटलं. "परतताना नाल्यापलीकडे चढ आहे ना, तिथपर्यंत जाईल."

"अन् चढ?"

मी मल्टीमीटरच्या वायरी गुंडाळू लागलो. तिनं मान हलवली आणि कमरेला बांधलेली ओढणी सोडून तोंड पुसलं. एवढंच म्हणाली, "बाबा सौंसरच्या नाक्यावर उभे आहेत."

मी मोपेड स्टँडवर लावली आणि तिच्या सीटवर चढून उभा राहिलो. दिलीपनं माझे पाय धरले. आता मला छत वरून दिसलं.

छतावर स्वस्तिक होतं.

लाल, ठसठशीत, हळदीकुंकवाचं. सकाळी बाईसाहेबांनी काढलेलं. आमच्याकडे नवी गाडी पूजेशिवाय रस्त्यावर जात नाही. बस असो, ट्रॅक्टर असो, शिलाईचं यंत्र असो. दिलीपनं घरून ताट आणलं होतं. त्याच्या आईनं कुंकू सढळ हातानं कालवून दिलं होतं, आणि बाईसाहेबांनी त्याहून सढळ हातानं काढलं. गाडीच्या पुढे काढायचं तर पुढे बोनेट नाही, फळ्या खडबडीत. सर्वांत गुळगुळीत, चकचकीत, मोठी जागा कोणती? पॅनेलची काच. जीपच्या पायरीवर उभं राहून त्यांनी पहिल्या पॅनेलवर स्वस्तिक काढलं, दुसऱ्यावर हळदीकुंकवाचा पंजा उठवला. आम्ही सगळे तिथेच होतो. मी तर डोळे मिटून, हात जोडून उभा होतो. स्वस्तिक सगळ्यांनी पाहिलं, पण पूजा म्हणून पाहिलं. सावली म्हणून कोणी पाहिलं नाही.

सोलर पॅनेल म्हणजे काचेखाली बसवलेल्या गोल चकत्यांची माळ. प्रत्येक चकती थोडी वीज करते आणि करंट एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा जातो. आमच्या बागांमध्ये विहिरीवरून झाडांना रबरी पाइप टाकतात. पाइप कितीही लांब असो, एका जागी कोणी पाय दिला की शेवटच्या झाडाला पाणी नाही. तसंच इथे. एक चकती पूर्ण झाकली की बाकीच्या सगळ्या तिच्यामागे रांगेत उभ्या. स्वस्तिकाच्या मधोमध एक चकती पुरती बुजली होती. पंजाखाली दुसरी. आमचा सूर्य बाईसाहेबांच्या आशीर्वादाखाली अडकला होता.

मी खाली उतरलो आणि दिलीपच्या कानात सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"पुसा लागन सर?"

"पुसा लागन."

"कोण पुसन?"

दोघांनीही जीपकडे पाहिलं. बाईसाहेब उतरत होत्या. ज्यांच्या नवऱ्याच्या हातात आमचा ट्रेड, त्यांच्या हातचं स्वस्तिक, त्यांच्याच डोळ्यांदेखत, फडक्यानं पुसायचं. मी पांढुर्ण्याचा माणूस. दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात त्या गोटमारीत नदीकाठी उभा राहिलेला. दगडाची भीती वाटत नाही. पण हे मला जमेना.

"मी पुसते," वंदना म्हणाली.

"तू तर अजिबात नाही," मी म्हणालो. का, ते तिलाही कळलं आणि मलाही. लोकांना बोलायला कारण लागत नाही. त्यात आडनाव मिळालं की झालंच.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. तिला सगळे काकी म्हणत होते. लांबून चालून आलेल्या जनावराच्या पायावर दारात पाणी घालायची आमच्याकडे रीत आहे. गावात पहिल्यांदाच असली गाडी आली, म्हणून काकी तिच्या चाकांवर पाणी घालायला निघाली होती.

मित्रहो, आयुष्यात मी बऱ्याच नाटकांत काम केलंय. गणेशोत्सवात राक्षस झालोय, एकदा राणी पण झालोय. पण त्या दुपारी रामाकोन्याच्या रस्त्यावर मला जी एन्ट्री मिळाली तशी पुन्हा मिळाली नाही.

"थांबा काकी," मी हात उंच करून म्हणालो. गर्दी माझ्याकडे वळली. "या गाडीची पूजा बाईसाहेबांच्या हातची. तर पाणी पण बाईसाहेबांच्याच हातचं पाहिजे." मग वळून, कमरेत वाकून, "बाईसाहेब, हमारे यहाँ रिवाज है. दूर से आया जानवर प्यासा होता है. आपके हाथ से पानी मिल जाए तो घर तक पहुँच जाएगा."

बाईसाहेब प्रसन्न झाल्या. त्यांनी तांब्या घेतला आणि चाकाकडे वाकल्या.

"वर से, बाईसाहेब. ऊपर से."

"वरून काहून बे?" काकीनं मधेच तोंड घातलं. "पाणी पायावर टाकतात. तुले माहीत नाही का?"

"काकी, हा बैल वेगळा आहे."

"बैल कसाही असो, पाय खालीच असतात."

"पाय खाली आहेत, पण तोंड वर आहे. हा सूर्य खाते. ज्याचं तोंड वर, त्याले पाणी वर."

काकीनं छताकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुह्या डोक्यावर टाकलं पाहिजे पहिले," म्हणाली. पण दुसरा तांब्या भरून आणायला मुलीला तिनंच पिटाळलं.

बाईसाहेबांना पुन्हा जीपच्या पायरीवर चढवलं. दिलीपनं डायनॅमोवर पोतं टाकलं. पहिला तांब्या स्वस्तिकावर पडला. कुंकू विरघळलं, लाल ओघळ काचेवरून वंदनाच्या खांद्यावर. दुसरा तांब्या. तिसरा. "चारी कोपऱ्यांना लागलं पाहिजे जी," दिलीप भक्तिभावानं म्हणाला, आणि पाणी पोचवायच्या निमित्तानं ओला हात काचेवर असा फिरवू लागला की जणू आरसा पुसतोय. तोंडानं तो काहीतरी पुटपुटत होता. बहुधा देवाची माफी मागत होता.

मी मीटरकडे पाहत होतो. दिलीपचा हात पॅनेलवरून बाजूला झाला. काटा थरथरला. मग उठला, आणि पहाटे गजर झाल्यावर माणूस उठतो तसा नाही, रेल्वेचा सिग्नल उठावा तसा एका झटक्यात वर गेला. चाचणीत जिथे जायचा त्याच्याही थोडा पुढे. गार पॅनेल गरम पॅनेलपेक्षा जास्त वीज देतं, हे पुस्तकात होतं. मी ते वर्गात शिकवलंही होतं. डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

"सर," वंदना म्हणाली. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली, गालावर लाल ओघळ, आणि नजर काट्यावर.

"जा," मी म्हणालो. "चढाआधी वेग धर."

नाल्यापलीकडच्या चढावर खाट पुन्हा सुस्तावली. मी मोपेड बाजूला घेतली. ढकलता येत नाही हे माहीत असूनही दिलीप मागच्या सीटवर असा पुढे रेलला होता की त्याचं वजन मी माझ्या पाठीवर पेलत होतो. अर्ध्या चढावर मघाचा गाडीवान रिकामी गाडी घेऊन परतत होता. त्यानं दोर उचलून दाखवला. वंदनानं मानेनं नाही म्हटलं. काटा वरच होता. चाकं फिरत राहिली, एक एक आरा मोजता यावा इतकी हळू, पण फिरत राहिली. माथ्यावर पोचल्यावर तिनं एकदा मागे वळून पाहिलं आणि उतारावर खाट जी सुटली, ती माझ्या मोपेडला गाठता येईना.

सौंसरच्या नाक्यावर तिचे वडील उभे होते. मुलगी लालेलाल होऊन येताना पाहून ते धावलेच. "काय लागलं बाई?"

"काही नाही बाबा. पाणी पडलं."

निकाल असा. नागपूरची गाडी पहिली, आमची दुसरी. तीन गाड्या निघाल्या होत्या आणि दोन परत आल्या होत्या, तेव्हा दुसरा नंबर म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या. आम्ही मात्र गावात 'राज्याबाहेरच्या कॉलेजच्या खालोखाल' असं सांगत फिरलो. ते खोटं नव्हतं.

संध्याकाळी संस्थेच्या अंगणात संत्र्यांचा रस होता. साहेब ग्लास घेऊन माझ्याजवळ आले. "ट्रेड यहीं रहेगा," म्हणाले. मी पुन्हा डोळ्यांत पाणी आणायचा प्रयत्न केला. या वेळी ते आपोआप आलं.

मग ते हळूच म्हणाले, "मास्टरजी, पानी डालने में इतनी देर? मैं लोधीखेड़ा से राह देख रहा था."

माझा ग्लास हातात तसाच राहिला. "साहेब, आपको मालूम था?"

"फिजिक्स पढ़ा है मैंने भी."

"तो बोले क्यों नहीं?"

साहेबांनी डोळ्यांनीच अंगणापलीकडे दाखवलं. तिथे बाईसाहेब वंदनाच्या केसांतलं कुंकू स्वतःच्या रुमालानं पुसत होत्या. "आप बोले थे?" त्यांनी मला विचारलं.

आमची कुजबुज बाईसाहेबांच्या कानावर गेलीच. त्या सरळ आमच्याकडे आल्या. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, संपला ट्रेड. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "इतना नाटक किसलिए? मुझसे कह देते, मैं अपने पल्लू से पोंछ देती. पूजा तो हो चुकी थी."

दोन शिकलेली माणसं आपापल्या ग्लासात पाहू लागली.

वंदनानं कोर्स पूर्ण केला. पुढे टेलिफोन खात्यात लागली, तेही सौंसरातच. आईला जेवू घालायला दुपारी जायचं काही तिनं सोडलं नाही. ट्रेड अजून आहे. दसऱ्याला वर्कशॉपमध्ये सगळ्या यंत्रांची पूजा होते, सोलर पॅनेलचीही होते. दिलीप आता तिथेच इन्स्ट्रक्टर आहे. पूजेच्या वेळी तो पॅनेल उलटं करतो आणि कुंकू मागच्या बाजूला लावतो.